दोन तासांच्या विमानप्रवासात हरवलेल्या आणि सापडलेल्या वडिलांबाबत

मला घरी आणि कामावर सगळे भिंगरी म्हणतात. वय २३, शिक्षण सहावी, धंदा फरशी बसवणे, वर्षातली ही तिसरी साइट. राहायला पाण्याच्या टाकीमागे कामगारांच्या खोल्यांत, दुसरा मजला. माझे गाव इथून फार लांब आहे.

विमानतळाच्या पोलीस चौकीत समक्ष बसून सांगतो की, माझे वडील, वय ६४, बसवर कंडक्टर होते, आता घरी असतात. चार वर्षांत माझे घरी जाणे झाले नाही, कारण वर दिले आहे. म्हणून मी त्यांनाच विमानाचे तिकीट काढून दिले. फोनवर मी म्हणालो, "आप्पा, मोबाईलवर बघितलं. तिकडच्या विमानतळापासून इथल्या विमानतळापर्यंत बाराशे चाळीस किलोमीटर. दोन तासांत पोचताय." ते म्हणाले, "आमच्या गाडीला दीड दिवस नि दोन ड्रायव्हर लागायचे. थापा मारू नकोस."

आज विमान एक वाजता वेळेवर उतरले. मी बाहेर दाराशी उभा होतो. सगळे उतारू आले, चाकाच्या खुर्चीतल्या आजीबाई आल्या, विमानातला स्टाफही बॅगा ओढत गेला. वडील आले नाहीत. फोन बंद. काउंटरवर विचारले तर विमानात बसले होते म्हणाले. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. तीनच्या सुमारास मी याच चौकीत येऊन वडील हरवल्याची तक्रार दिली. हवालदारसाहेब म्हणाले, "अरे, मधेच हवेत कुठे उतरणार ते?" मी रडत नव्हतो. मला पाणी दिले ते उन्हामुळे.

हवालदारसाहेब मला घेऊन आत गेले. सामान येते त्या पट्ट्याजवळ वडील एका लाल बॅगेवर हात ठेवून उभे होते. बॅग त्यांची नव्हती. ती पट्ट्यावर नुसती फिरत होती, कोणी उचलेना, म्हणून त्यांनी उतरवून घेतली. गाडी शेवटच्या थांब्याला लागली की सगळ्या सीटखाली वाकून बघायचे आणि सापडलेली वस्तू पावती घेतल्याशिवाय कोणाच्या हाती द्यायची नाही, अशी त्यांची नोकरीतली सवय आहे. तिथला कर्मचारी बॅग मागत होता, पण त्याच्याकडे पावतीपुस्तक नव्हते. त्यामुळे दोघेही जागचे हलले नाहीत.

मला बघून वडील म्हणाले, "काय रे भिंगरी, बापाला न्यायला पोलीस आणलास?"

मी विचारले, "आप्पा, फोन का बंद?"

"बंद करा म्हणाले, केला. चालू करा असं मला कोणी म्हणालं नाही."

हवालदारसाहेबांनी साध्या कागदावर पावती लिहून दिली, तेव्हा बॅग सुटली. वडिलांनी पावती दोनदा वाचून खिशात ठेवली. मग माझ्याकडे बघून "बारीक झालास" एवढेच म्हणाले.

वडील सुखरूप आहेत. गोळी घेतली आहे आणि माझ्या शेजारी बसून चहा पीत आहेत. तक्रार मी मागे घेतो. माझे कोणाविरुद्ध काही म्हणणे नाही.

हा जबाब मोठ्याने वाचला तो मी ऐकला, वडिलांनीही ऐकला. वरचे "फार लांब" हे शब्द त्यांनी कापायला लावले आणि तिथे "दोन तासांवर" असे घालायला सांगितले. ती दुरुस्ती मला कबूल आहे. बाकी सगळे मी सांगितले तसेच आहे, म्हणून सही करतो.