वीजबचतीची कळ

नीला : फ्रिज बंद, पंखा बंद, आणि टीव्हीवर नुसत्या मुंग्या! बाबा, चाललंय काय? दूध नासेल ना.

विद्याधर : नासू दे. ते निदान उघडपणे नासेल. बस. तुमच्या अंधेरीच्या कारखान्यातला हा संच आणि दारावरचा मीटर, दोघांची साक्ष घेत होतो.

नीला : साक्ष कसली?

विद्याधर : मीटरच्या चकतीवर लाल खूण असते. बाकी सगळं बंद ठेवून दहा-दहा मिनिटं तिचे फेरे मोजले. वीजबचतीची कळ न दाबता बारा. दाबून बारा, आणि वर किंचित. ते किंचित कळीशेजारच्या हिरव्या दिव्याचं असावं.

नीला : घरचा मीटर एवढा बारीक नसतो हो.

विद्याधर : पाच वेळा मोजले. हे संच तपासायला तू बसतेस. या कळीमागे काय आहे?

नीला : बाबा, मी आत्ता दमून आलेय...

विद्याधर : नीला.

नीला : दिवा.

विद्याधर : आणखी?

नीला : काही नाही. आधी सर्किट होतं, खरंच होतं. पहिल्या पन्नास सेटना बसवलं. मग आमचे मालक नंदकिशोरशेठ म्हणाले, मागचं झाकण उघडून कोण बघतंय? सर्किट गेलं, कळ राहिली.

विद्याधर : केव्हा?

नीला : गणपतीच्या आधी.

विद्याधर : आणि माहितीपुस्तिका माझ्याकडे लिहायला आणलीस दिवाळीत.

नीला : शेठनी सांगितलं. 'पार्ल्यात तुझ्या वडिलांचा शब्द चालतो. सरांच्या नावाने मराठीत आलं तर लोक डोळे मिटून सेट घेतील.' मला कायम करणार होते, बाबा. तीन वर्षं लटकले होते मी.

विद्याधर : केलं?

नीला : जानेवारीत.

विद्याधर : अभिनंदन. 'ही कळ दाबताच विजेचा खप एक तृतीयांशाने घटतो.' 'खप' की 'व्यय', यावर आपण दोन संध्याकाळी घालवल्या. तू 'खप'च्या बाजूने होतीस. किती तळमळीने भांडलीस!

नीला : तुम्ही तरी लिहिण्याआधी मीटर पाहिला होता का?

विद्याधर : नाही. मूळ पाहिल्याशिवाय विधान करू नये, हे मी चौतीस वर्षं वर्गात सांगितलं. घरच्या माणसाला त्यातून सूट दिली. हा माझा दोष, आणि तो तुझ्या दोषाने फिटत नाही.

नीला : लोकांना सेट तर नीट मिळालाय ना? चित्र झकास येतं. एका कळीसाठी एवढं...

विद्याधर : तळमजल्यावरचा धोंडू काल भेटला. गिरणीतली नोकरी सुटल्यापासून दिव्याचं बटणही विचार करून दाबतो तो. म्हणाला, 'सर, कळ दाबून मागून हात लावून बघतो. सेट गार लागतो.' वीस वर्षं यंत्रावर काढलेला हात, गं. माझ्या गद्याने त्याला गार लागायला लावलं. आणखी दहा बिऱ्हाडांना त्यानेच सेट घ्यायला लावले. 'सरांनी लिहिलंय,' एवढंच सांगून.

नीला : त्यांना सांगू नका. प्लीज.

विद्याधर : पुस्तकात चूक राहिली तर आमच्याकडे शुद्धिपत्र काढतात. अकरा घरांत मी स्वतः नेऊन देईन. एक प्रत तुमच्या शेठना.

नीला : तपासणीच्या कागदावर सही माझी आहे. शेठ हात वर करतील. माझी वाट लागेल, बाबा!

विद्याधर : लागेल.

नीला : एवढंच?

विद्याधर : रागावलो असतो तर आणखी बोललो असतो. कागद घे. माझं अक्षर धोंडूला लागत नाही.

(नीला उठून टीव्ही बंद करते, कागद घेते.)

नीला : सांगा.

विद्याधर : 'पान चौथे. वीजबचतीच्या कळीविषयी केलेले विधान असत्य आहे. ती दाबल्याने केवळ दिवा लागतो. लेखकाने खातरजमा केली नव्हती.'

नीला : 'नव्हती'. पुढे?

विद्याधर : पुढे काही नाही. खाली माझं नाव.

नीला : आणि माझं?

विद्याधर : ते मला विचारू नकोस. दिवाळीत हे लपवताना विचारलं नव्हतंस.