छर्‍याच्या बंदुकीतला चामड्याचा वॉशर

दिनांक ११/११/२०२५

मी, रज्जाक हुसेन शिकलगार, वय ५४ वर्षे, धंदा कुलूप, शिलाई मशीन व छर्‍याच्या बंदुकांची दुरुस्ती, दुकान बुधवार पेठ, राहणार भवानी पेठ, पुणे. आज स्वतःहून पोलीस ठाण्यात हजर राहून जबाब लिहून देतो की,

वरील पत्त्यावर मी आई नसीमबानू, वय ७८, हिच्यासह राहतो. दुकान वडिलांचे आहे. वडील २००९ साली वारले. माझा धाकटा भाऊ उजैर माझ्याशी भांडून २०११ साली घरातून निघून गेला. त्याची मिसिंग मी याच ठाण्यात दिली होती.

दि. ६ रोजी मच्छिंद्र नावाचे गृहस्थ दुकानी आले. ते जत्रेत फुगे फोडायचा स्टॉल लावतात. त्यांनी एक जुनी बंदूक दिली व म्हणाले, "छर्रा फुग्याला लागून खाली पडतोय बघा. माझ्या बापाच्या टायमाला हितंच दुरुस्त केल्याली हाय, त्यानंतर कुणी खोलली न्हाय." ते खरे असावे. स्क्रू गंजून धरले होते. दोन दिवस रॉकेल सोडले तेव्हा ते हलले.

आमच्याकडे अशी पद्धत आहे की, बंदूक खोलणाऱ्याने लाकडी दस्त्याखालच्या लोखंडावर सुईने आपले अक्षर व तारीख कोरायची. दि. ८ रोजी दस्ता काढला तेव्हा तिथे वडिलांचा 'हु' होता, साल १९९४. त्याच्याखाली 'उ' होता, तारीख ४/११/२५, म्हणजे बंदूक माझ्याकडे येण्याच्या दोन दिवस आधीची. बाकी सगळे गंजलेले होते, तेवढे अक्षर चकचकीत होते. उजैर डावखुरा असल्याने त्याची रेघ उलट्या बाजूने ओढलेली असते. ही तशीच होती. मी घाबरलो. पण गिऱ्हाईक घाई करत होते, म्हणून दुसऱ्या बंदुकीची वापरलेली स्प्रिंग कापून बसवली, आतली हवा अडवणारा जुनाच वॉशर तेल लावून ठेवला, खाली 'र ८/११' कोरले आणि दुकान बंद केले. काम मी चोख केले नाही, हे मला तेव्हाही माहीत होते.

दि. ९ रोजी रविवार असल्याने दुकान बंद होते. दि. १० रोजी सकाळी दहा वाजता उघडले. कुलूप शाबूत होते. मी बसवलेली स्प्रिंग पुसून टेबलावर ठेवलेली होती. बंदूक ताणायला नळी खाली वाकवून पाहिली तर जोर नव्या बंदुकीसारखा लागला. खोलून पाहता आत कोरी स्प्रिंग व ताज्या चामड्याचा वॉशर होता. माझ्या अक्षराखाली 'उ ९/११' होते.

हवालदारसाहेबांनी विचारले की, चोरीला काय गेले? काही नाही, असे मी सांगितले. त्यावर ते म्हणाले, "मग चोर तुमच्यावर उपकार करायला येतो का? आम्हालाही पाठवा, दोन पंखे बंद आहेत." समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात रविवारी माझ्या शटरजवळ कोणीही दिसत नाही. कुलूप वडिलांनी बनवलेले असून त्याला दोनच किल्ल्या आहेत. एक माझ्याकडे असते. दुसरी उजैरसोबत गेली.

तो वॉशर मी काल घरी नेला व काही न सांगता आईच्या हातात दिला. तिला आता नीट दिसत नाही. तिने कडेवरून बोट फिरवले. कड आतून तासायची सवय फक्त उजैरला होती. ती म्हणाली, "उजैर कब आया?"

मला कोणाविरुद्ध तक्रार द्यायची नाही. सांगायचे ते असे की, दुकान माझ्या नावावर व्हावे म्हणून २०१९ साली मी कोर्टात प्रतिज्ञापत्र दिले की, सात वर्षांत उजैरची कोणालाही खबर नाही. त्यावरून तो मयत ठरला. ते खोटे होते. २०१६ साली दुकानावर त्याचा फोन आला होता. तो म्हणाला, "भाईजान, मैं आऊँ क्या?" मी म्हणालो, आता गिऱ्हाईक आहे, नंतर कर. दुकानात तेव्हा कोणीही नव्हते. आईला हे अजून माहीत नाही. मला त्याची फार लाज वाटते.

तो जिवंत असल्यास त्याचा शोध घ्यावा. नसल्यास तसे मला कळवावे. दुकानाचे कुलूप मी बदललेले नाही व बदलणार नाही.

हा जबाब मला शब्दन् शब्द वाचून दाखवला. प्रतिज्ञापत्रही असेच वाचून दाखवले होते आणि मी बरोबर आहे म्हणून सही केली होती. हा मात्र खरा आहे.

(सही) रज्जाक हुसेन शिकलगार