गोविंदराव मास्तरांची गवाही

मंडळी, आणि वहिनी. मी दुकानदार माणूस. चार लोकांपुढं उभं राहून बोलायची सवय मला न्हाई. तरी आज मास्तरांच्या शोकसभेत मीच बोलतो म्हणालो, त्याला कारण हाय.

गोविंदराव मास्तर आपल्या पाटोद्याच्या मदरशात, म्हंजे सरकारी शाळेत, शिकवायचे. स्वभावानं लई भित्रे. हे मी त्यांच्या माघारी बोलत न्हाई, ते स्वतःच सांगायचे. त्यांनी उर्दूतून जुन्या युनानी, म्हंजे ग्रीक, विचारवंतांचं एक पुस्तक वाचलं होतं. मला म्हणाले, "शिवाप्पा, ते लोक सांगतात, चांगुलपणा जन्मानं येत न्हाई. सवयीनं येतो. पाण्यात उतरल्याबिगर पोहणं येतं का? धीराचंही तसंच हाय."

मग त्यांनी सवय लावून घेतली. जे बोलायची भीती वाटते, असं एक तरी खरं रोज बोलायचं. एक दिवस माझ्या दुकानात आले. म्हणाले, "तुमच्या ज्वारीत खडे मुद्दाम मिसळलेत." मी त्यांना हाकलून दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, ज्वारी घ्यायला. त्या दिवसापासून मी ज्वारी चाळून विकतो.

पुढं विहिरीचा मामला झाला. खालच्या आळीच्या लोकांनी खोदलेली विहीर जमीनदारांनी आपली म्हणून काटे लावून बंद केली. ती खोदताना आम्ही दोघांनी पाहिली होती, मास्तरांनी आन् मी. कचेरीतून दोघांना गवाहीला, साक्ष द्यायला बोलावणं आलं. मी ताप आल्याचं कळवलं.

ताप नव्हता, मंडळी.

मास्तर एकटे गेले. खरं ते बोलले. विहीर लोकांना मिळाली, आन् महिन्याभरात मास्तरांचा तबादला झाला, बदली पार धर्मापुरीला. नोकरी संपल्यावरच परत आले. मी विचारलं, "मास्तर, भीती गेली का?" म्हणाले, "न्हाई. पण पहिल्यांदा खरं बोलताना नुसता घाम फुटायचा. आता बोललं की बरं वाटतं. बरं वाटाया लागलं की समजावं, सवय मुरली." माझ्या तापाबद्दल त्यांनी मला कधीच विचारलं न्हाई. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

ते युनानी लोक म्हणायचे, माणूस सुखी होता का, हे एका दिवसावरून सांगता येत न्हाई. सगळं आयुष्य बघावं लागतं. मास्तरांचं आयुष्य आता पुरं झालं. म्हणून काल मी वहिनींना विचारलं, मास्तर सुखी होते का? त्या म्हणाल्या, "रोज पाठ टेकली की झोप लागायची त्यांना."

मला इतकी वर्षं तशी झोप लागलेली न्हाई.

मास्तर गेल्याचं कळताच जमीनदारांनी विहिरीचा मामला पुन्हा काढलाय. सोमवारी तारीख हाय. आता पाहिलेला माणूस एकच उरला. मी जाणार हाय. भीती वाटते, म्हणूनच आज चार लोकांपुढं हे बोलून टाकलं.

आता सगळे उभे राहू. थोडा वेळ कुणी काही बोलू नका. मास्तर, शिवाप्पाचा शेवटचा नमस्कार, शरणार्थ घ्या.