ॲपची ओहोटी चुकली तेव्हा

सन्माननीय अध्यक्ष काशीराम नाखवा, व्यासपीठावरील पाहुणे, मोरा बंदरावरून आलेल्या बंधू-भगिनींनो आणि माझ्या संगणकवाल्या सोबत्यांनो, कोमलचा नमस्कार.

आपलं ॲप सांभाळणाऱ्या विनिताताई उद्या कोचीला निघतात. नव्या नोकरीच्या अटीमुळे भरती-ओहोटीच्या वेळा सांगणाऱ्या या ॲपला त्यांना यापुढे हात लावता येणार नाही. ॲप ओपन सोर्स आहे. म्हणजे त्याचा कोड कुणीही वाचावा, सुधारावा. पण फुकटच्या कामाला माणसं टिकतात कशाने? मी का टिकले, ते सांगते.

गेल्या वर्षी कळंबोलीच्या देवेशने कोडमधली पहिलीच दुरुस्ती पाठवली आणि ॲपवर ओहोटीची वेळ चुकली. आपल्या अध्यक्षांचीच होडी चिखलात रुतली, मासळी वाया गेली. ॲपच्या ग्रुपवर देवेशवर आगपाखड सुरू झाली. नवख्यांना घेऊच नका, असंही काहींनी सुचवलं. बिचाऱ्याने काम सोडतो म्हणून कळवलं.

ताईंनी सगळ्यांसमोर लिहिलं, "देवेशने पाठवलं, पण तपासून ॲपमध्ये मी घेतलं. चूक माझीही आहे. आता दोघं मिळून दुरुस्त करू."

तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. देवेशला घेऊन थेट मोऱ्याला गेल्या. नाखवा रागावले होते, आणि का रागावू नयेत? दोघांनी माफी मागितली, कुठे चुकलं ते समजावलं. नाखवांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमी तोंड लपवलं नाय. मंग आता भांडू कोनाशी? पन परत असं नको."

वेळा दुरुस्त झाल्या. दुरुस्तीखाली ताईंनी देवेशचं नाव स्वतःच्या नावाआधी लिहिलं. मी हे सारं खांदा कॉलनीतल्या घरात बसून वाचत होते. कोड येत होता, धीर नव्हता. इथे चुकलं तरी माणूस एकटा पडत नाही, हे दिसलं आणि मी माझी पहिली दुरुस्ती पाठवली. माझ्यामागून आणखी कितीतरी जण आले. काही आज सभागृहात आहेत.

ताईंनंतर ॲप बंद करा, नाहीतर एखाद्या कंपनीला देऊन टाका, असे सल्ले आले. आम्ही दोन्ही नाकारले. उद्यापासून नवी दुरुस्ती तपासून आत घेण्याची जबाबदारी देवेशची, आणि सोबत आम्ही सगळे.

ताई, तुमचे आभार मानायला शब्द अपुरे आहेत. सभागृहाने शांतपणे ऐकलं, आयोजकांनी संधी दिली, त्यांची मी ऋणी आहे. बोलण्यात उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला. आणि कोड लिहिता येणाऱ्यांनो, पहिली दुरुस्ती पाठवायला कचरू नका. ती चुकली, तरी 'मिळून दुरुस्त करू' असंच उत्तर येईल.