जॉइन की अटॅच

परळच्या इस्पितळात, ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर सुमतीबाई नवऱ्याच्या रिपोर्टची वाट बघत मासिक चाळत होत्या. शेजारी मायलेकी येऊन टेकल्या, आणि सुमतीबाईंचं पान उलटायचं राहूनच गेलं.

“आई, वखारीच्या शेठना काय लिहू? जॉइन करतायत की अटॅच करतायत?”

“फरक काय गं दोघांत?”

“अटॅच म्हणजे नुसतं लावलेलं. उद्या काढता येईल, असं वाटतं.”

“मग नको. त्यांना वाटेल कच्चं काम आहे.”

“कनेक्ट?”

“ते वायरीचं. तुझ्या बाबांचं बोट आहे ते, सुचित्रा. करवतीत गेलं म्हणून काय वायर झालं?”

“पण आत नसा जोडतातच ना. डॉक्टर म्हणाले.”

“हाडही जोडतात, कातडीही जोडतात. सगळ्याला मिळून एक शब्द नाही तुमच्या इंग्रजीत?”

“मराठीतच लिहू का? बोट जोडलं म्हणून?”

“शेठना मराठी वाचता कुठे येतं! आणि एवढ्यात जोडलं म्हणू नकोस, दृष्ट लागेल.”

“बर्फाचं लिहू?”

“लिही. कोळणीने पाटीतला सगळा बर्फ दिला, लिही. पिशवीत घालून, बर्फात ठेवून आणलं, लिही. आम्ही उशीर नाही केला, तेही लिही.”

“बरं. मग जॉइनच ठेवते.”

“ठेव. सुचित्रा...”

“हं?”

“आणि नाही जुळलं, तर त्याला काय म्हणतात?”

सुचित्राने मोबाइल मांडीवर पालथा ठेवला.

“तो शब्द मला नाही येत, आई.”