भिंतीची ऊब

सून : आई, फ्रिजपुढे या रबरी चपला कुणाच्या?

सासूबाई : फ्रिजच्या.

सून : फ्रिज चपला घालतो?

सासूबाई : आपण घालायच्या. घालायच्या, दार उघडायचं, दूध घ्यायचं, दार लावायचं, काढायच्या. लग्नानंतर आज पहिल्यांदाच राहायला आलीस, तुला कसं ठाऊक असणार? पाहुण्यांच्या वेगळ्या आहेत, खिडकीखाली.

सून : आणि नाही घातल्या तर?

सासूबाई : चावतो. जास्त नाही. ओळख करून घेतल्यासारखा.

सासरे : चावतो काय! जरा झिणझिण्या येतात. रक्ताभिसरणाला बऱ्या असतात. सूनबाई, चहा झाला ना? मग चल, घर दाखवतो. या घरातली वायर न् वायर माझ्या हातची आहे. वायरमन नावाच्या माणसाने आजवर हा उंबरा ओलांडलेला नाही.

सून : ते दिसतंय, बाबा.

सासरे : दिसतंय ना? जन्मभर शिंपीकाम केलं, पण विजेचं कुणाकडे शिकायला गेलो नाही. आपोआप आलं.

सून : तेही दिसतंय.

सासूबाई : हसू नकोस गं. त्यांना वाटतंय तू कौतुक करतेस.

सासरे : हे बटण बघ. कशाचं असेल?

सून : पंख्याचं?

सासरे : न्हाणीघरातल्या दिव्याचं.

सून : स्वयंपाकघरात?

सासरे : म्हणजे आंघोळीला जाणाऱ्याने सांगून जायचं. घरात बोलणं राहतं. नाहीतर बाकीची घरं बघ, कोण कुठे आहे कुणाला पत्ता नसतो.

सासूबाई : मागे आमचं भांडण झालं, तेव्हा ह्यांनी दोन दिवस अंधारात आंघोळ केली. साबण म्हणून काय लावलं ते अजून सांगितलेलं नाही.

सासरे : तो विषय वेगळा. आणि दारावरची बेल वाजली की संडासातला दिवा मंद होतो. आत बसलेल्याला कळतं, कुणीतरी आलंय.

सून : आणि आलेल्याला कळतं का, कुणीतरी बसलंय?

सासरे : त्याच्यावर काम चालू आहे. तू मघापासून हात पाठीमागे बांधून का चालतेस?

सून : तुमच्या मुलाने बजावलंय. म्हणाला, घर बघ, पण खोट काढू नकोस. खोट बाहेरच्यांच्या घरात काढ, तिथे तुला त्याचा पगार मिळतो.

सासूबाई : खरंच का गं? लोकांच्या घरात जाऊन खोट काढायचा पगार देतात?

सून : हो. कुणी घर विकत घेणार असेल, कुणी घरात शिकवणी किंवा पाळणाघर काढणार असेल, तर आधी मी जाऊन बघते. वायरिंग, गळती, तडे.

सासूबाई : सासू झाल्यापासून मी हे फुकट करायचं ठरवलं होतं. बरं, विषय निघालाच आहे तर सांगते. सोमवारी माझं पाळणाघर सुरू होतंय. बाहेरची खोली रंगवली, पाळणे आणले, चार पोरांच्या आयांनी शब्द दिलाय. इतकी वर्षं ह्यांच्या गिऱ्हाइकांची बटणं लावली, आता जरा माझं स्वतःचं काहीतरी. फक्त घर सुरक्षित असल्याचा दाखला राहिलाय. उद्या कुणी तपासनीस येणार आहे म्हणे. तूच सही करून टाक, त्या बिचाऱ्याचा हेलपाटा वाचेल.

सून : घरच्या घरावर मला सही करता येत नाही, आई.

सासूबाई : आणि येत असती तर?

सून : तर केली नसती.

सासरे : का? माझ्या कामात खोट आहे?

सून : बाबा, फ्रिजला अर्थिंग नाही. म्हणून तर चपला लागतात. रांगणारं मूल चपला घालून रांगत नाही.

सासरे : अर्थिंग नाही कसं? अर्थिंगची हिरवी वायर असते ना? ती तर अख्ख्या बाहेरच्या खोलीत फिरवलीय.

सून : त्यातून काय सोडलंय?

सासरे : करंट.

सून : हिरव्या वायरीतून?

सासरे : खोलीचा रंग हिरवा आहे. हिरव्या कापडाला लाल दोरा लावलेला तू कुठे बघितलास?

सून : आणि उरलेली वायर? ती कापता की...

सासरे : कापायची कशाला? कपड्यात आपण शिवणीला माया सोडतो, पुढेमागे माणूस सुटला तर कपडा सैल करता येतो. तशी प्रत्येक ठिकाणी हातभर माया ठेवलीय, छान गुंडाळी करून.

सून : कुठे?

सासरे : भिंतीत.

सून : आणि जोड? दोन वायरी जोडतात तिथे डबी असते, तिला झाकण असतं. मला घरात एकही डबी दिसली नाही.

सासरे : दिसणारच नाही! जोड दिसला तर तो शिंपी कसला? पीळ दिला, वर सुती दोऱ्याचे वेढे, गाठ, चिकटपट्टी, गिलावा, रंग. आजवर कुणाला सापडलेला नाही. तू एक जरी शोधून दाखवलास तर ही गळ्यातली मापाची टेप उतरवून ठेवीन.

सून : आई, तुमचं मांजर कुठे झोपतं?

सासरे : मांजराचा काय संबंध?

सासूबाई : बाहेरच्या खोलीत, त्या मधल्या भिंतीला पाठ लावून. त्या भिंतीला कायम ऊब असते गं. म्हणून तर पाळणेही तिथेच लावलेत. म्हटलं, पोरांच्या पाठीला जरा बरं.

सासरे : ती भिंत आहेच चांगली. उन्हाने तापते.

सून : ऊन येतं कुठून? तिच्या दोन्ही बाजूंना खोल्या आहेत.

सासूबाई : अहो, बोला ना.

सासरे : विचार करतोय.

सून : आई, हाताची पालथी बाजू लावा. तिथे नाही, जरा वर. आता डावीकडे सरकवा.

सासूबाई : अगं बाई! ही तर तव्यासारखी लागतेय.

सून : पलीकडे काय चालू आहे?

सासरे : माझी इस्त्री. एका गिऱ्हाइकाचा कोट न्यायला येणार आहेत.

सून : तिची वायर याच भिंतीतून जाते. जोड इथे आहे, बाबा. आई हात ठेवून उभ्या आहेत तिथे.

सासरे : इतकी वर्षं झाली, या घरात एक ठिणगी उडालेली नाही.

सासूबाई : मिक्सर.

सासरे : मिक्सर सोडून.

सासूबाई : पाण्याची मोटर.

सासरे : मोटर ओली होती. काल घरात आलेली सून मला शिकवणार का आता? उद्या तो तपासनीस येईल, बघेल आणि सही करून जाईल. मग काय करशील?

सून : करेलही सही. रंग नवा आहे, बटणं चकचकीत आहेत, मांजराला तो विचारणार नाही. मग मी त्याच्या कचेरीत अर्ज देईन, या घराचा दाखला रद्द करा म्हणून.

सासरे : सासऱ्याविरुद्ध?

सून : अर्जात नातं लिहायला जागा नसते.

सासूबाई : नवऱ्याने बजावलं होतं ना तुला?

सून : ऐकणार होते, आई. पण पाळणे बघितले.

सासरे : माझ्या हाताला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही, सूनबाई.

सून : मीही ठेवत नाही. बाबा, गिऱ्हाईक म्हणालं, कोट काखेत टोचतोय, तर तुम्ही काय करता?

सासरे : अस्तर उसवून बघतो.

सून : वरून हात फिरवून, छान बसलाय म्हणून परत नाही पाठवत?

सासरे : असली कामं आम्ही करत नाही. उसवायची लाज वाटते त्याने सुई धरू नये.

सून : बरं.

सासरे : बरं काय बरं? अगं ए, छिन्नी कुठे ठेवलीस?

सून : आधी मेन स्विच बंद करा.

सासरे : केला.

सून : थांबा, माझा टेस्टर लावून बघते. अजून पेटतोय.

सासरे : तुझा टेस्टर बिघडलाय.

सून : तुम्ही मेन स्विच भलत्याच वायरीवर बसवलाय. बंद केला की दिवे जातात, पण करंट आहे तिथेच राहतो.

सासूबाई : म्हणजे दर आठवड्याला मी मेन बंद करून बटणं पुसते, तेव्हा...

सून : हो.

सासूबाई : ओल्या फडक्याने पुसते गं मी.

सासरे : तू मला कधी सांगितलं नाहीस.

सासूबाई : काय सांगायचं? अहो, मी जिवंत आहे, म्हणून?

सून : सरका, मीटरजवळचा फ्यूजच काढते. हां. आता टेस्टर विझला. परत एकदा बघते. विझलाच. मारा, बाबा.

(छिन्नीचे ठोके. गिलाव्याचा पोपडा सुटून खाली पडतो.)

सासूबाई : हे काळं काय आहे?

सासरे : चिकटपट्टी होती.

सासूबाई : आणि हा कोळसा?

सासरे : दोरा. माझाच. वेढे बघ, एकावर एक चढलेला नाही. गाठसुद्धा सुटलेली नाही.

सून : नाही सुटलेली. मी पुष्कळ भिंती उघडलेल्या बघितल्यात बाबा, पण जळून गेल्यावरही धरून बसलेली गाठ नाही बघितली.

सासरे : अजून किती टिकली असती?

सून : सांगता येत नाही. एखादं वर्ष. एखादी दुपार.

सासूबाई : सोमवारी मी दूध गरम करायला विजेची शेगडी लावणार होते. याच खोलीत.

सून : हो.

सासूबाई : पाळणे अलीकडे ओढा. दोघंही लागा. रिकामे आहेत माहीत आहे मला, तरी ओढा.

सासरे : ओढतो. ही घे, सूनबाई.

सून : टेप कशाला? गळ्यातच राहू द्या. सगळे जोड शोधायचेत, मोजायला लागेल.

सासरे : शोधायचे कशाला? पाठ आहेत मला. खडू आण गं माझा, कापडावर खुणा करायचा. हा बघ, इथे एक. इथे दुसरा. हा पंख्याचा, याच्यात माया जरा जास्तच आहे. दाराच्या डोक्यावर एक. तो अवघड होता, स्टुलावर स्टूल ठेवून केला.

सून : बाबा, एवढं सगळं लक्षात आहे? लोकांना मागच्या वर्षी काय केलं ते सांगता येत नाही. मला निम्मी घरं अंदाजाने फोडावी लागतात.

सासरे : आपण शिवलेलं विसरतो का कुणी?

सासूबाई : अहो, ही भिंत आहे की कापायला काढलेलं ठाण? आयांना मी काय तोंड दाखवू?

सून : मी बोलते त्यांच्याशी.

सासूबाई : तू नको. पाळणाघर माझं आहे. सांगेन, घर उसवायला काढलंय, शिवून झालं की कळवते. थांबायच्या त्या थांबतील. नाहीच कुणी थांबली तर दुसऱ्या शोधेन. त्या तपासनिसालाही सांगते, उद्या येऊ नकोस. आमचा तपासनीस येऊन गेला.

सासरे : सूनबाई, वायरमनला फोन कसा करतात?

सून : जसा इतरांना करतात तसाच. हा घ्या, एका चांगल्या माणसाचा नंबर आहे. लागलाय.

सासरे : हॅलो, वायरमन का? अख्ख्या घराचं वायरिंग नव्याने करायचंय. ... हो, जुनं आहे की. मी स्वतः केलेलं. ... यात हसण्यासारखं काय आहे? ... कुणी पकडलं म्हणजे? आमच्या सूनबाईने. ... छे, भिंत फोडायच्या आधीच! बोट ठेवलं तिथे जोड. ... अरे, तिचं कामच आहे ते. लांबलांबून बोलावणी येतात तिला.

सून : बाबा, लांबून कुठे? बसने जाते मी.

सासरे : तू मध्ये बोलू नकोस. ... हां, सकाळीच ये. झाल्यावर ती बघणार, मगच गिलावा करायचा. ... कडक? तिने माझं काम नापास केलंय. माझं! तेव्हा तू जरा जपूनच ये.