मोठ्या सिस्टरांची चूक शोधताना

सन्माननीय मेट्रनबाई, आजच्या कार्यक्रमाचं अध्यक्षपद तुमच्याकडे आहे, तेव्हा पहिला नमस्कार तुम्हाला. व्यासपीठावर बसलेले अधीक्षक साहेब, मुलांच्या वॉर्डचे मोठे डॉक्टर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या मोठ्या सिस्टर, त्यांचे यजमान, समोर बसलेल्या सगळ्या सिस्टर, मावशी, मामा, औषधांच्या खिडकीवरची मंडळी, आणि मागे भिंतीला टेकून उभे असलेले आमच्या रेकॉर्ड विभागाचे लोक, ज्यांच्या वाट्याला खुर्ची कधीच येत नाही, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

माझं नाव पुकारल्यावर पहिल्या रांगेत थोडी कुजबुज झाली. ती रास्तच आहे. मोठ्या सिस्टर आणि मी सत्तावीस वर्षं एका इमारतीत काम केलं आणि आजवर आमचं बोलणं झालं ते तीनदा. मग निरोपाचं भाषण मी का करावं? कारण त्यांनीच मला सांगितलं. त्या म्हणाल्या, "बाकीचे सगळे चांगलंच बोलतील. तुम्ही खरं बोला." साहेब, त्यामुळे दोन मिनिटं जास्त घेतली तर सांभाळून घ्या.

मी इथे येण्यापूर्वी एका छापखान्यात मुद्रितं तपासत होते. राहिलेला अनुस्वार, उडालेला काना, चुकलेला आकडा शोधायचा, हेच काम. मला एक मुलगी होती. सहा वर्षांची. अंगाने एवढीशी आणि डोळे गोल, म्हणून घरात सगळे तिला बटण म्हणायचे. तिला न्यूमोनिया झाला आणि तिला याच इस्पितळात, खिडकीजवळच्या तिसऱ्या खाटेवर ठेवलं. पाच दिवसांत ताप उतरला. सहाव्या दिवशी तिने माझ्याशी केस विंचरण्यावरून भांडण केलं, तेव्हा मी निर्धास्त झाले. त्या दिवशी दुपारी चार वाजता मी घरी फोन करायला खाली गेले. उद्या सोडतील असं तिच्या बाबांना कळवायचं होतं.

मी वर आले तेव्हा खाटेभोवती पडदा ओढलेला होता.

डॉक्टरांनी कागदावर इंजेक्शनची मात्रा अर्धी लिहिली होती, शून्य, दशांशचिन्ह, पाच. ते चिन्ह पुसट होतं. सलग दुसरी पाळी करणाऱ्या एकतीस वर्षांच्या एका सिस्टरने ते पाच वाचलं आणि माझ्या मुलीला दहापट इंजेक्शन दिलं. त्या सिस्टर म्हणजे आज इथे हार घालून बसल्या आहेत त्या मोठ्या सिस्टर.

जुन्या लोकांना हे ठाऊक आहे. नव्या मुलींना नसेल. मोठ्या सिस्टर, तुम्ही मान खाली घालू नका, तुम्हीच सांगा म्हणालात.

तेव्हाच्या वरिष्ठांनी त्यांना गप्प राहायला सांगितलं होतं. त्या राहिल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आजारामुळे नाही गेली. माझ्या हातून गेली." आमचं हे पहिलं बोलणं. चौकशी झाली, सहा महिने त्या घरी बसल्या आणि मग कामावर परत आल्या. ज्या दिवशी मला हे कळलं, त्या दिवशी माझ्या आयुष्याला दिशा मिळाली. हे शब्द मी जपून वापरते आहे. त्याआधीचे सहा महिने मी उठत नव्हते, जेवत नव्हते, दार उघडत नव्हते. ती परत कामावर आली म्हटल्यावर मी उठले, आंघोळ केली आणि इस्पितळात नोकरी मागायला आले. छापखान्यातल्या निम्म्या पगारावर रेकॉर्ड विभागात लागले.

कशासाठी? त्यांची दुसरी चूक पकडण्यासाठी. दुसरी चूक झाली की नोकरी जाणार हे मी नियमात वाचून ठेवलं होतं.

रोज सकाळी आठला मुलांच्या वॉर्डचे आदल्या दिवशीचे कागद खाली येत. इतर वॉर्डांचे कागद मी कामापुरते बघत असे. त्यांचे मात्र ओळ न् ओळ वाचत असे, वेळ, मात्रा, सही. त्यांना हे पहिल्याच आठवड्यात कळलं. त्यांनी तक्रार केली नाही. उलट त्या दिवसापासून त्यांचं अक्षर बदललं. एकेक आकडा छापल्यासारखा. आज आपल्याकडे कुठलंही इंजेक्शन देण्याआधी दोन सिस्टर मात्रा मोठ्याने वाचतात आणि दोघी सह्या करतात. नव्या मुलींना वाटतं हा नियम पहिल्यापासून आहे. नाही. तो मोठ्या सिस्टरांनी आपल्या वॉर्डात सुरू केला, मी मागावर आहे म्हणून.

घरी काय झालं ते थोडक्यात सांगते. बटणचे बाबा मला म्हणायचे, सोड आता, मोकळी हो. तीन वर्षं म्हणाले. मग एकदा जेवताना म्हणाले, "या घरात आपली पोर राहिलीच नाही. उठता बसता ती नर्सच राहते." ते खोटं नव्हतं. ते त्यांच्या भावाकडे राहायला गेले, ते कायमचेच. मी त्यांना अडवलं नाही, दुसऱ्या दिवशी मला आठला पोहोचायचं होतं.

अकराव्या वर्षी माझी वेळ आली. एका बाळाला तापाचं औषध तासाभरात दोनदा दिलं गेलं. बाळ सुखरूप राहिलं, पण चौकशी लागली. मोठ्या सिस्टरांनी सांगितलं, माझ्याकडून झालं. संध्याकाळी कागद माझ्या टेबलावर आला. अकरा वर्षं ज्याची वाट बघितली तो कागद. मला फक्त तो फाइलला लावून पुढे पाठवायचा होता.

पण त्यावरचा चारचा आकडा त्यांचा नव्हता. त्यांचा चार वरून उघडा असतो, हा मिटलेला होता. वॉर्डात नुकत्याच लागलेल्या एका मुलीचा होता तो. तिची नोकरी वाचावी म्हणून यांनी आपली मान पुढे केली होती. मी कागद घेऊन तेव्हाच्या अधीक्षकांकडे गेले. ते म्हणाले, ताई, तुम्ही आणि त्यांच्या बाजूने? मी म्हटलं, बाजूने नाही साहेब, हे अक्षर त्यांचं नाही, एवढंच. त्या मुलीला ताकीद मिळाली, पुढे ती दुसरीकडे गेली, चांगलं काम करते असं ऐकते.

दुसऱ्या दिवशी मोठ्या सिस्टर रेकॉर्ड विभागात आल्या, संतापलेल्या. "तुम्हाला मी हवी होते ना? मग का केलंत?"

"दुसऱ्याच्या चुकीवर नको होतात," मी म्हणाले.

हे आमचं दुसरं बोलणं. आणि ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं आज सांगते. आदल्या संध्याकाळी तो कागद हातात धरून मी जिन्यात थांबले होते. मनात आलं, ही गेली तर उद्या सकाळी मी कशासाठी येऊ? माझ्या मुलीला मारणारी बाई कामावर राहावी म्हणून मी अधीक्षकांच्या दाराशी गेले. याला काय म्हणायचं? मोठेपणा तर नक्कीच नाही. मला शब्द सापडलेला नाही, आणि शब्द तपासणं हा माझा धंदा होता.

एकोणिसाव्या वर्षी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, महिनाभर घरी होते. एका दुपारी दार वाजलं. मोठ्या सिस्टर होत्या. आत या म्हणाले नाही, त्याही आल्या नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या, "तीन आठवडे माझे कागद कुणी बघितले नाहीत. मला हातात सुई धरायची भीती वाटते." मी दार लावून घेतलं. त्याला मी बोलणं धरत नाही, कारण मी काहीच बोलले नाही. पण डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेच्या चार दिवस आधी मी कामावर आले.

सत्तावीस वर्षांत मला त्यांची एकही चूक सापडली नाही. या काळात त्या वॉर्डातून किती मुलं घरी गेली ते मी मोजलेलं नाही. त्यातली कितीतरी माझ्या बटणपेक्षा मोठी झाली, एवढंच मला माहीत आहे.

तिसरं बोलणं गेल्या आठवड्यातलं. भाषणाचं विचारायला त्या खाली आल्या आणि पहिल्यांदाच माझ्या टेबलासमोर बसल्या. मी विचारलं, आता तुम्ही काय करणार? म्हणाल्या, माहीत नाही, तुम्ही? माझी अजून एक वर्ष नोकरी आहे. मलाही माहीत नव्हतं. मग मी त्यांना ते विचारलं, जे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं आणि ज्याची भीती वाटली म्हणून मी सत्तावीस वर्षं कागद तपासत बसले. मी खाली फोनवर होते, तेव्हा ती काही बोलली का?

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "तिने विचारलं, दुखेल का? मी म्हटलं, नाही. मग तिने स्वतःच बाही वर केली. डोळे मिटेपर्यंत माझं बोट धरून होती. तिला दुखलं नाही हो. तेवढं एक मी तिला खरं सांगितलं."

एवढंच मला सांगायचं होतं.

मोठ्या सिस्टर, मी तुम्हाला माफ केलं असं या व्यासपीठावरून म्हणणार नाही. ते खोटं होईल आणि तुम्ही लगेच ओळखाल. पण त्या वेळी तिच्या हातात कुणाचं तरी बोट होतं, आणि ते तुमचं होतं. हे आता मला माहीत आहे. तब्येतीला जपा.

मला बोलू दिल्याबद्दल मेट्रनबाईंचे, साहेबांचे आणि शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल तुम्हा सर्वांचे आभार मानते. आनंदाच्या प्रसंगी मी हे घेऊन आले, बोलताना काही अधिकउणं झालं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर पदरात घ्या. इथेच थांबते.